जुनं कोल्ट घेऊ की नको?

मला बंदूक नको होती. मला कोल्ट या अमेरिकी कंपनीचं १९५० च्या आसपासचं ‘ऑफिशियल पोलीस’ रिव्हॉल्व्हर हवं होतं. माझ्या मनात हा फरक अगदी स्वच्छ होता, पण न्यू जर्सीच्या कायद्याला आणि आमच्या घरातल्या कायद्याला तो मान्य नव्हता. दोघांचं म्हणणं एकच: त्यात काडतूस बसतं ना? मग ती बंदूकच.

मी जुनी यंत्रं जमवतो. चावीची घड्याळं, एक हाताने फिरवायचं शिवणयंत्र, एक रेमिंग्टनचा टाइपरायटर. रेमिंग्टन ही मुळात बंदुका बनवणारी कंपनी. १८७३ मध्ये त्यांनी त्याच कारखान्यात टाइपरायटर बनवायला घेतला. हे वाचलं आणि माझी नजर त्या कारखान्याच्या दुसऱ्या दालनाकडे वळली, एवढंच. एका ओळखीच्या माणसाने कोल्टची बाजूची पट्टी उघडून आतली रचना दाखवली. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची स्प्रिंग, तिच्यावर रेलणारे तीन-चार भाग, आणि सगळे हाताने घासून एकमेकांत बसवलेले. घड्याळ उघडणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

पण पोलिसांचंच का? आपल्याकडे शिपायाच्या हातात लाठी आणि रिव्हॉल्व्हर फौजदाराच्या कमरेला, हे चित्र डोक्यात बसलेलं. त्यामुळे ‘पोलिसाचं रिव्हॉल्व्हर’ म्हणजे काहीतरी दुर्मीळ, असं मला आधी वाटायचं. अमेरिकेत गस्तीवरच्या प्रत्येक साध्या शिपायाकडे रिव्हॉल्व्हर असायचं. कोल्टने ‘ऑफिशियल पोलीस’ १९२७ मध्ये बाजारात आणलं आणि १९६९ मध्ये बंद केलं, तोवर चार लाखांच्या वर नग विकले गेले होते. प्रतिस्पर्धी कंपनी स्मिथ अँड वेसनचं ‘मिलिटरी अँड पोलीस’ १८९९ पासूनचं, पुढे १९५७ मध्ये त्याचं नाव ‘मॉडेल १०’ झालं. ते तर साठ लाखांच्या पुढे गेलं. कोल्टला हाताचं काम फार, म्हणून महाग पडायचं. स्मिथ स्वस्त आणि तितकंच भरवशाचं. त्यात कोल्ट मागे पडलं.

मग रिव्हॉल्व्हरचाच जमाना सरला. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, आणि सहा गोळ्यांचं हत्यार पुरत नाही ही चर्चा देशभर पेटली. खात्यांनी जास्त गोळ्या मावणारी पिस्तुलं घेतली आणि जुनी रिव्हॉल्व्हरं पेट्यांनी दुकानदारांकडे आली. न्यू यॉर्क शहरात काही जुने अधिकारी मात्र हटून बसले होते. त्यांची रिव्हॉल्व्हरं २०१८ मध्ये खाली ठेवायला लावली. सांगायचा मुद्दा, नुसता पोलिसांचा शिक्का असला म्हणून वस्तू दुर्मीळ होत नाही. हे मनात पक्कं असलं तर दुकानात बरेच पैसे वाचतात.

आता कागदपत्रं. आमच्या मराठी मंडळातल्या एकाने मोठ्या उत्साहाने विचारलं, “मीपण घेऊ का रे एक?” तो एच-१बीवर आहे. त्याला म्हटलं, आधी ग्रीन कार्ड घे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगताच येत नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्या गल्लीत शिरू नये. मी नागरिक आहे, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. साताऱ्याहून बाबांनी फोनवर विचारलं, “इकडे आणणार आहेस का ते?” त्यांना म्हटलं, नाही बाबा, तिकडचा शस्त्र परवाना नसताना हे घेऊन विमानतळावर उतरलो तर तुम्हाला मला भेटायला कोठडीत यावं लागेल.

केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली बंदूक ‘क्युरिओ’ धरली जाते. त्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो: तीस डॉलर, तीन वर्षं. हे ऐकून मी खूश झालो होतो. पण न्यू जर्सीत त्याने परमिट सुटत नाही. इथे हँडगन, म्हणजे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, घ्यायची तर आपल्या गावच्या पोलीस ठाण्याकडून परमिट, आणि एका परमिटवर एकच नग. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती, आणि आपल्याला ओळखणाऱ्या दोघांची नावं. माझ्या दोघांपैकी एक ऑफिसातला सहकारी, दुसरा मंडळाच्या गणपतीत माझ्याबरोबर मंडप बांधणारा मित्र. त्याला पोलिसांची ई-मेल गेली तेव्हा आधी त्याचा फोन आला, “काय केलंस रे बाबा?”

परमिट दिल्या तारखेपासून ९० दिवस चालतं. म्हणून मी उलटा क्रम धरला: परमिट यायच्या आधीच वस्तू शोधायची आणि तपासायची, म्हणजे पुढे घाई होत नाही.

वस्तू सापडली डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानात. मालक सत्तरीचा, स्वतः निवृत्त पोलीस. त्याने काउंटरवर रबरी चटई अंथरली, काडतुसांची फिरती चक्री बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि मग ते माझ्या हातात दिलं. किलोभर वजन. नळीच्या डाव्या बाजूला ‘ऑफिशियल पोलीस .३८ स्पेशल’ अशी ठसठशीत अक्षरं. मागितलेली किंमत ८५० डॉलर, आणि सोबत एक गोष्ट: शेजारच्या एका लहान गावाच्या पोलीस खात्याचं हे रिव्हॉल्व्हर, मुठीच्या मागच्या पट्टीवर खात्याची आद्याक्षरं आणि नग क्रमांक कोरलेला.

मी खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं. मालक हसला, पण खुर्ची पुढे सरकवली.

पहिली पाहणी रंगाची. लोखंडावरची ती निळी-काळी झिलई कारखान्यातली आहे की मागाहून चढवलेली, यावर निम्मी किंमत ठरते. मुंबईत नवी डायल रंगवून विकलेली एचएमटी ज्याने एकदा ओळखली, त्याला इथे वेगळं शिकावं लागत नाही: नको तिथे चकाकी आणि नको तिथे गुळगुळीत. पुन्हा झिलई चढवताना आधी घासावं लागतं, त्यामुळे कंगोरे मऊ होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, कोल्टच्या बोधचिन्हातल्या घोड्याचं चित्र फिकट पडतं. इथे कडा शाबूत होत्या. युद्धानंतरच्या कोल्टची झिलई मुळातच युद्धापूर्वीच्या मालापेक्षा मंद; इथेही मंदच. नळीच्या टोकाला आणि चक्रीच्या कडेला मात्र चामड्याने घासून पांढरं पडलेलं, म्हणजे वर्षानुवर्षं कमरेच्या म्यानातून आत-बाहेर झालेलं. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे अजून धारदार. कमरेला लटकलं भरपूर, झाडलं गेलं थोडं. पोलिसांच्या मालाचं हे सुख असतं.

कारखान्याचा नंबर चक्रीच्या आड, सांगाड्यावर आणि चक्री झुलवणाऱ्या हातावर. दोन्ही जुळले. नंबरावरून साल निघालं १९५१. आणि इथे मला बरं वाटलं, कारण मुठीवर सुरेख अक्रोडाचं लाकूड होतं.

बरं वाटलं ते भाव पाडायला जागा सापडली म्हणून. १९४७ ते १९५४ च्या दरम्यान कोल्ट या रिव्हॉल्व्हरला लाकडाची मूठ लावतच नसे. ‘कोल्टवूड’ नावाचं तपकिरी प्लॅस्टिक असायचं. दिसायला सामान्य, पडलं की तडा जाणारं. पण १९५१ च्या नगावर तेच मूळ. लाकूड कितीही देखणं असलं तरी ते दुसऱ्या कुठल्यातरी कोल्टचं. मालकाला हे माहीत होतं. त्याने मान हलवली, “बहुतेकांना लाकूडच आवडतं.”

मग यंत्र. मालकाची परवानगी घेऊन, घरांत डमी काडतुसं घालून तपासलं. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, अंगठ्याने सावकाश मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने चक्रीला अगदी हलकासा अडसर करायचा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकायच्या आत चक्री आपल्या खाचेत ‘टक्’ करून बसली पाहिजे. सहाही घरं अशी बघायची. चार बसली. दोन घरांत घोडा अडकला तरी चक्री केसभर मागेच राहिली. बोट उचलल्यावर नाइलाजाने पुढे गेली. कोल्टचा हा जुना आजार आहे. चाप ओढून धरला की कोल्टची चक्री जराही हलत नाही, कारण तिला फिरवणारा छोटासा पंजा शेवटपर्यंत तिला रेटून धरतो. स्मिथमध्ये किंचित हालचाल सोडलेली असते. कोल्टच्या या घट्टपणाची किंमत तो पंजा झिजून मोजतो. तो नीट करायचा म्हणजे हाताने ठोकून, घासून पुन्हा बसवायचा, आणि ते जाणणारे कारागीर आता थोडेच उरलेत.

शेजारीच एक ‘मॉडेल १०’ पडलं होतं. यंत्र निर्दोष, किंमत निम्म्याहून कमी. व्यवहार बघितला तर तेच घ्यायला हवं होतं. मी ते हातात घेतलं, चक्री उघडायची कळ पुढे ढकलली (कोल्टची मागे ओढावी लागते), फिरवून बघितलं. कोल्टची चक्री उजवीकडे फिरते, याची डावीकडे. सगळं कसं बिनचूक. खाली ठेवलं. गोळ्या झाडायच्या असत्या तर दुसरा विचारही केला नसता.

राहिली ती कोरलेली अक्षरं. कारखान्यात कोरलेलं असतं तर झिलई अक्षरांच्या आतही उतरलेली दिसली असती. पण खात्याने माल आल्यावर आपल्या हाताने कोरलं असेल, तर ते झिलई फोडूनच येणार, आणि मागच्या वर्षी कुणी घरी बसून कोरलं असतं तरी ते झिलई फोडूनच आलं असतं. भिंगातून दिसली ती खोबणीतली जुनी काजळी. काजळी काय, तेल आणि धूळ चोळूनही बसते. याच्यावर मी १५० डॉलर जास्त देऊ?

कोल्टच्या अभिलेखागाराकडून कुठल्याही नंबराचं, तो नग कसा होता आणि कुणाकडे गेला हे सांगणारं पत्र पैसे भरून मागवता येतं. वस्तू आपली असावी लागत नाही. मी थोडा विसार देऊन माल राखून ठेवला आणि पत्राची मागणी टाकली. परमिट आणि पत्र यांच्यात पत्र आधी आलं. त्यात लिहिलेलं: चार इंची नळी, निळी झिलई, १९५१ मध्ये हार्डवेअरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे रवाना. पोलीस खात्याचं नावही नाही. मालक म्हणाला, लहान गावं घाऊक व्यापाऱ्याकडूनच घ्यायची. खरं आहे, घ्यायची. पण त्याच व्यापाऱ्याकडून किराणा दुकानदारही घ्यायचा.

दरम्यान घरी वाटाघाटी वेगळ्याच. बायकोने एकच विचारलं, “तू ते चालवणार नाहीस, मग ते घरात करणार काय?” मी म्हटलं, उघडणार, तेल देणार, बंद करणार. “घड्याळासारखं?” हो. “घड्याळ मुलाच्या हातात गेलं तर काही होत नाही.” याला उत्तर नव्हतं, म्हणून अटी आल्या: तळघरात जमिनीला बोल्ट मारलेली तिजोरी, तिची किल्ली ती ठेवेल, घरात एकही काडतूस नाही, आणि मंडळाची माणसं जेवायला आली की कौतुकाने बाहेर काढायचं नाही. तिजोरीचा खर्च धरला तर कोल्ट जवळजवळ दीडपट पडत होतं. तो खर्च ज्याला नको त्याने हा छंदच करू नये. मला तो पटला.

परमिट आल्यावर मी मालकाला हिशेब सांगितला. मूळ झिलईचं १९५१ चं कोल्ट, याचे पूर्ण पैसे. मूठ दुसऱ्याची, दोन घरं उशिरा बसतात, त्याचे वजा. कोरलेल्या अक्षरांचे शून्य. सहाशे. तो म्हणाला, अक्षरांसाठी तो एक डॉलरही सोडणार नाही. मी म्हटलं, मग यंत्रासाठी सोडा. त्याला ते चाललं. ६२५ वर जमलं. निवृत्त पोलिसाचा मान राहिला आणि माझा हिशेबही.

साध्या खरेदीदाराला दुसऱ्या राज्यातली हँडगन तिथून थेट घरी आणता येत नाही, म्हणून ते न्यू जर्सीतल्या एका दुकानदाराकडे आलं. तिथे केंद्राचा फॉर्म ४४७३. खरा खरेदीदार तुम्हीच का, दुसऱ्यासाठी घेत नाही ना, गांजा ओढता का. न्यू जर्सीत तो २०२१ पासून कायदेशीर झालाय, पण केंद्राच्या लेखी अजून नाही, आणि फॉर्मवर तसं बजावून लिहिलंय. राज्य पोलिसांकडून तपासणी झाली, दुकानदाराने कुलूप दिलं, मी डबा डिकीत ठेवला आणि वाटेत कुठेही न थांबता घरी आलो.

पंजाचं काम मी मुद्दाम केलेलं नाही. त्यातून गोळी जाणार नाही, मग ज्या झिजेवरून ते वापरलेलं कळतं ती का पुसायची? कोल्टवूडची मूठ शोधतोय. तडा न गेलेली जोडी अजून दिसली नाही. तोवर दुसऱ्या कोल्टचं लाकूड आहे तसंच राहू दे.