सातवी खाच

रात्रीचे साडेअकरा. झोप लागत नाहीये, म्हणून वही काढली.

पार्सल दुपारी आलं. इतकी वर्षं ज्याच्या मागावर होतो तो तंबाखू ओढायचा पाइप हातात आला, स्टँडच्या सातव्या खाचेत बसलासुद्धा. रांग पुरी झाली. मग संध्याकाळपासून जिवाला चैन का नाही?

नियम माझाच. दर नाताळाला एक पाइप, त्या वर्षाच्या खास आवृत्तीतला. कारखाना कुठलाही चालेल. त्यामुळे रांगेत डब्लिनच्या पीटरसनचे जास्त, मधूनच मिलानच्या साविनेल्लीचे दोन ‘सेंट निकोलस’. वर्ष मात्र चुकवायचं नाही. ते एकदाच चुकलं. त्या वर्षी नाताळ कधी आला नि कधी गेला, मला पत्ताच नव्हता. भानावर आलो तोवर सगळीकडचे संपले होते. त्या वर्षाबद्दल आज नको.

पाइपमध्ये खोट काढायला जागा नाही. भिंग लावून चांदीचं कडं पाहिलं. मुकुट घातलेली हार्प, शेजारी बसलेली हायबर्निया (आयर्लंडचं स्त्रीरूप), आणि वर्षाचं अक्षर. अक्षर बरोबर त्याच वर्षाचं. डब्लिनच्या कचेरीत चांदी पारखून झाल्याशिवाय हे छाप उमटत नाहीत. (पीटरसनच्या निकेलच्या कड्यांवर शॅमरॉकचं पान, शिकारी कुत्रा नि गोल मनोरा असे तीन शिक्के दिसतात. नवखा माणूस त्यांनाच चांदीची खूण समजतो. त्या कारखान्याच्या सजावटीच्या खुणा आहेत, बस.) तंबाखू भरायचा बाउलही सुरेख, ब्रायरचा. एका अंगाला लाकडाच्या उभ्या रेषा, दुसऱ्या अंगाला बारीक डोळे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची मुळापाशी धरलेली गाठ. ती जमिनीत कित्येक दशकं वाढते, मग कापून तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. एवढी वाट पाहिलेल्या लाकडापुढे माझी वाट ती काय.

पण स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर, दातांचे वण आहेत. वरच्या बाजूला दोन, खाली एक खोल. तिन्ही डावीकडे. कुणीतरी हा पाइप नेहमी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरत होतं. बाउलमधला काजळीचा थरही एकसारखा, नाण्याच्या जाडीचा. घाईघाईने ओढणाऱ्याचा थर असा बसत नाही.

मला खुपतंय ते हेच असावं. ज्या वर्षी माझ्या घरात नाताळ आला नाही, त्या वर्षी हा पाइप दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पेटला होता. त्याने डबा उघडला असेल, पहिली चिमूट सैल, दुसरी जरा दाबून भरली असेल. आणि मी... असो.

ही म्हणाली, “झालं ना एकदाचं पुरं? आता तरी बरं वाटलं ना?” मी हो म्हटलं. तिचंही चुकलं नाही. माझ्या शोधापायी तिनेही कमी सोसलं नाही.

खरं सांगायचं तर सातव्या खाचेची मला सवय झाली होती. धूळ पुसताना फडक्याआड बोट सहाव्या पाइपवरून घसरून त्या रिकाम्या जागेत अडकायचं. पाहुणे विचारायचे, इथला कुठे गेला? मी म्हणायचो, तो नाही. तेवढंच. रांगेतली सगळ्यात खरी गोष्ट तीच होती की काय असं आज वाटतंय. बाकीचे मी विकत घेतले होते, ती खाच मात्र घडलेली होती. आणि आज मीच ती बुजवली, तीही दुसऱ्याच्या वर्षाने.

जेवणानंतर पुन्हा काढून पाहिला. स्टेम व्हल्कनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. त्यात गंधक असतं. उजेड नि ओल लागून ते हिरवट-तपकिरी पडतं, चवीलाही कडवट लागतं. तो थर घासून काढावाच लागेल. वणांचाही इलाज आहे. या रबराला आपला मूळ आकार आठवतो. बेताने ऊब दिली की दाबलेला भाग आपोआप वर येतो, कधी कधी मागमूसही उरत नाही. याआधी दोन पाइपांवर मी ते केलंय. आज पाणी तापत ठेवलंही होतं.

मग गॅस बंद केला.

कोण जाणे कोण होता. त्याच्याकडचं हे सामान विकायला निघालं, याचा अर्थ बहुधा त्याच्याही घरातल्या रांगेत आता एक जागा मोकळी आहे. किंवा रांगच नाही. निदान त्या नाताळाला तो होता, निवांत होता, डावीकडे पाइप धरून बसला होता. कुणाचं तरी ते वर्ष बरं गेलं. हे मनात आलं आणि छातीवरचं ओझं थोडं उतरलं. पूर्ण नाही.

सातव्या खाचेतच राहू दे. उद्या फक्त हिरवट थर काढायचा, तोही कड्याला चिकटपट्टी लावून. नाहीतर घासताना हायबर्नियाचा चेहरा पुसला जाईल. आणि स्टेमचं टोक सोडून, डावीकडचं.