गाडी थांबवली, म्हणून डिकीही उघडायची का?

नाकाबंदीत हात दाखवला की गाडी बाजूला घ्यायची, यात वाद नाही. कायदेशीर सूचना मुद्दाम न पाळणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 179 खाली वेगळा गुन्हा आहे, दंड 2,000 रुपयांपर्यंत. वाद सुरू होतो तो "जरा डिकी उघडा" इथून. थांबवून कागद बघायचा अधिकार एका कायद्यातून येतो, झडतीचा दुसऱ्यातून. रस्त्यावर दोन्ही एका दमात उरकतात, आणि बहुतेकांना वाटतं की हे एकच काम आहे.

आधी कागद. गणवेशातला कोणताही पोलीस कलम 130 खाली लायसन्स मागू शकतो. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेस आणि परमिट, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 खाली दाखवावं लागतं. 2018 च्या दुरुस्तीनंतर हे मोबाइलवर दाखवलं तरी चालतं. पण गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो म्हणजे इलेक्ट्रॉनिक कागद नव्हे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये सरकारी नोंदीतून आलेली प्रत लागते. आपणच स्कॅन करून चढवलेली चालत नाही. कागद जवळ नसेल तर नंतर सादर करायची सोय कायद्यात आहे. चौकीवर हे सांगताना नियमाचा आकडा तोंडात असलेला बरा.

गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम 207 मध्ये आहे आणि त्याची कारणं मोजकी आहेत: चालकाकडे लायसन्स नसणं, वय कमी असणं, गाडीची नोंदणी नसणं, परमिट नसणं किंवा त्याच्या अटी मोडणं. हेल्मेट किंवा सीटबेल्ट त्यात नाही, त्यासाठी चलन आहे. साध्या तपासणीत चावी उपसून घ्यायला परवानगी देणारं कलम या कायद्यात नाही. लायसन्स जमा करून घेतलं तर कलम 206 खाली पोच द्यावी लागते, आणि ती न घेता तिथून हलू नये.

श्वासचाचणीचंही तसंच. कलम 203 म्हणतं की दारू प्यायल्याचा संशय घ्यायला वाजवी कारण हवं. रक्तातली मर्यादा 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल याच कायद्याच्या कलम 185 खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. अटकेची वेळ कागदावर काय पडते याकडे लक्ष ठेवायचं ते म्हणूनच.

आता डिकी. मोटार वाहन कायदा तुमच्या सामानाची झडती घ्यायला सांगत नाही. तो अधिकार 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185 मधून येतो. या संहितेत 'जागा' या शब्दात वाहनही धरलं आहे, त्यामुळे गाडीला घरासारखेच नियम लागतात. ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपास करणारा अधिकारी असावा लागतो, कोणत्या तरी गुन्ह्याचा तपास असावा लागतो, आणि काय सापडेल असं का वाटतं ते आधी लिहून ठेवावं लागतं. दुसऱ्याला पाठवायचं तर लेखी आदेश द्यावा लागतो. सिग्नलवरच्या हवालदाराला हे सगळं आपसूक मिळत नाही. चोरीचा किंवा संशयास्पद माल डोळ्यांसमोर दिसला तर कलम 106 खाली तो जप्त करता येतो, पण ते जप्तीचं कलम आहे. शोधत फिरायची मुभा त्यात नाही. दारूबंदी, शस्त्रं, अमली पदार्थ यांच्या कायद्यांत झडतीचे वेगळे अधिकार आहेत, म्हणून "कोणत्या कायद्याखाली?" हा पहिला प्रश्न.

झडती झालीच तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 प्रमाणे त्या भागातले दोन स्वतंत्र पंच, सापडलेल्या वस्तूंची यादी, त्यावर पंचांच्या सह्या आणि तुम्हाला प्रत. महिलेची अंगझडती महिलाच घेणार. कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, यादी करून सह्या होईपर्यंतचं.

अमली पदार्थांच्या प्रकरणात बहुतेक गोंधळ अमली पदार्थ कायद्याच्या (एनडीपीएस) कलम 50 वरून होतो. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क अंगझडतीपुरता आहे. बॅगेला किंवा गाडीला तो लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये पवन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं. गाडीसाठी खरा आधार आहे त्याच कायद्याचं कलम 42: मिळालेली माहिती आधी लिहून घ्यायची आणि 72 तासांत वरिष्ठांना कळवायची. 2021 च्या बूटा सिंग प्रकरणात पोलिसांचं म्हणणं होतं की जीप रस्त्यावर होती, म्हणजे सार्वजनिक ठिकाण, म्हणून 42 लागत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. खासगी गाडी रस्त्यावर उभी असली तरी खासगीच, आणि 42 पाळलं नव्हतं म्हणून आरोपी सुटले.

हे वाचून कुणी हुरळून जाऊ नये. अमेरिकी मालिका बघून लोकांना वाटतं की झडती बेकायदा ठरली की पुरावा बाद. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 1973 च्या पूरन मल निकालापासून तसं नाही. पुरावा विषयाशी सुसंगत असेल तर बेकायदा झडतीतून आला म्हणून तेवढ्यावर तो फेकला जात नाही. अमली पदार्थ कायद्यातली काही कलमं हा अपवाद. त्यामुळे आपली लढाई रस्त्यावर जिंकायची नसते, ती पंचनाम्यात उभी करायची असते.

म्हणून आडवं पडू नका, दार धरून ठेवू नका. सरकारी कामात अडथळा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 221, आणि हात लागला तर 132. मूळ विषय बाजूला राहून तुम्हीच आरोपी व्हाल. "माझी संमती नाही, पण मी अडवत नाही" एवढं शांतपणे आणि ऐकू जाईल असं बोला. डिकी स्वतः उघडलीत की पुढे ती राजीखुशी म्हणून लिहिली जाते. नाव आणि बक्कल नंबर टिपा, वेळ टिपा, पंच कुठून आणले ते बघा. सोबत फिरणारे ठरावीक पंच उलटतपासणीत टिकायला जड जातात. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही नको. मजकूर पटत नसेल तर सहीशेजारी तसं लिहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185 खाली लिहिलेली झडतीची कारणं 48 तासांत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवीत, आणि अर्ज केल्यावर त्यांची प्रत तुम्हाला फुकट मिळते. वकील बहुधा हाच कागद आधी मागतो.

गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली तर त्याच संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली सुपूर्तनाम्यासाठी, म्हणजे गाडी तात्पुरती परत ताब्यात मिळण्यासाठी, लगेच अर्ज करा. सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की असा माल ठाण्यात 15 दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त पडून राहू नये. फोटो, पंचनामा आणि बाँड घेऊन गाडी परत देता येते. अर्जासोबत आरसी आणि चालू इन्शुरन्स जोडा. इन्शुरन्स संपलेला असेल तर आधी तो काढा, कारण बहुतेक अर्ज तिथेच रखडतात.