डॉक्टरचा मफलर : ओळ 0 ते 116

ओळ 0
‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची टीव्ही मालिका 1963 पासूनची. नायक एकच, डॉक्टर, पण नट बदलत गेले. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात मला हवा होता तो चौथा डॉक्टर, म्हणजे टॉम बेकर (1974 ते 1981), आणि त्याच्या गळ्यातला तो जमिनीला टेकणारा मफलर. विकत मिळतो. पण विकतचा घालून मिरवायचं म्हणजे दुसऱ्याचा किल्ला आपला म्हणून दाखवण्यासारखं. म्हणून स्वतःच विणायला घेतला.

मफलर एवढा लांब झाला तो चुकून. वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचेसन यांनी बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंकडे रंगीबेरंगी लोकरीचा ढीग दिला. बाईंनी तो सगळाच विणून टाकला! बेकरला तो आवडला, मग कापायचा प्रश्नच उरला नाही.

बीबीसी चाहत्यांना विणीचा कागद पाठवायची, तोच समोर ठेवलाय. 60 टाके, सात रंग, सगळे सुलट. पडद्यावरचे पट्टे एकेक फ्रेम थांबवून मोजणारे लोक आहेत आणि त्यांना हा कागद पटत नाही. त्यांचं बरोबरच असेल, पण पहिल्याच मफलरला ते माझ्याच्याने होणार नाही.

सुया दहा नंबरच्या. लोकर अ‍ॅक्रिलिक, कारण पुण्यात खरी लोकर गळ्यात घालायचे दिवस ते किती.

ओळ 8
जांभळा पट्टा झाला. एका ओळीला मला तीन मिनिटं लागतात आणि जुना एक भाग साधारण 25 मिनिटांचा, म्हणजे भागाला आठ ओळी. तेव्हा ठरलं, बेकरचे भाग पहिल्यापासून क्रमाने बघायचे आणि बघता बघता विणायचं. त्याची पहिली गोष्ट ‘रोबॉट’, तिचा पहिला भाग या पट्ट्यात गेला. ही भूमिका मिळाली तेव्हा बेकर बांधकामावर मजुरी करत होता, हे माहीत असलं की त्याचे ते डोळे विस्फारणं आणखी मजेशीर वाटतं.

ओळ 60
कॅमल रंगाच्या 52 ओळी. कंटाळा म्हणजे काय ते कळलं. मध्येच ‘द आर्क इन स्पेस’ होतं म्हणून तरलो. त्यात डॉक्टर सांगतो की हा मफलर नोस्त्रादामसच्या बायकोने विणून दिला.

52व्या ओळीला गुंडा संपला. दुसरा आणला, लॉट नंबर (म्हणजे एकाच वेळी रंगवलेली लोकर कुठली ते) बघितलाच नाही. दुकानदार म्हणाला, “सेम आहे साहेब.” ट्यूबलाइटखाली सेम होता. सकाळी गॅलरीत नेला तर पट्ट्याचा शेवट चहात बुडवून काढल्यासारखा! आठ ओळी उसवायच्या की नाही यावर दोन दिवस घालवले. आई म्हणाली, “अरे, गळ्यात घातल्यावर कोण ओळी मोजत बसणार आहे?” मोजणारे आहेत गं, ते वर सांगितलंच. तरी ठेवल्या.

ओळ 108
ब्राँझ, मोहरी, विटकरी झाले. सुलटच्या दोन ओळी मिळून एक वळ उमटते, त्यामुळे आता ओळी न मोजता बोटाने वळ मोजतो. विटकरीत मात्र एका वळीत टाके 61 भरले, कुठून आला ते कळेना. सहा ओळी उसवल्या आणि भागांचं गणित तेवढं मागे पडलं.

उसवताना आठवलं ते 2008 चं. अ‍ॅडिपोज आणि ऊड या मालिकेतल्या परग्रहवासीयांच्या विणलेल्या बाहुल्यांचे नमुने एका चाहतीने फुकट दिले होते. कुणीतरी तशा बाहुल्या करून विकायला काढल्या आणि बीबीसीच्या व्यापारी शाखेने नमुनेच काढून टाकायला सांगितलं. एकेकाळी स्वतः विणीचा कागद वाटणारी हीच संस्था. मला ते अजून खटकतं.

ओळ 116
पुन्हा जांभळा. ‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’चा (1975) सहावा भाग. डॉक्टरच्या हातात दोन वायरी. एकमेकींना टेकवल्या की डॅलेक, म्हणजे त्याचे कट्टर शत्रू, जन्मण्याआधीच संपणार, आणि हा विचारात पडतो की आपल्याला तो हक्क आहे का. त्याची सोबतीण सारा त्याला “टेकव” म्हणतेय. मी दोन सुया हातात धरून तोंड उघडं टाकून बघत बसलो आणि 115व्या ओळीत मधोमध टाका निसटला. चार ओळी खाली घरंगळत गेला. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवला. सुलटच्या विणीत तो एकदा पुढून, एकदा मागून उचलावा लागतो. मी दोन ठिकाणी विसरलो. खूण दिसते.

आडवा ठेवून मोजला तर 11 इंच, दोरीवर टांगला तर 13. अ‍ॅक्रिलिक स्वतःच्या वजनानेच ओघळतं, त्यामुळे यापुढे माप आडवंच घेणार. आणि हो, उरलेल्या रंगांचे सगळे गुंडे कालच एका लॉटचे आणून ठेवलेत. गॅलरीत नेऊन बघितले.