तुम्ही विचारलंत म्हणून: त्रिभुवनकीर्ती मी का देत नाही

‘आण्णा द्यायचे की. दोन दिवसांत ताप उतरायचा. तुम्ही का देत नाही?’ त्रिभुवनकीर्ती म्हणजे तापावरची आयुर्वेदिक गोळी, तिच्यात बचनाग हा विषारी कंद असतो. पाटणच्या बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या पायरीवर, हा प्रश्न मला कुठेही गाठतो. आण्णा म्हणजे माझे वडील, त्यांचाच दवाखाना मी चालवते. पुण्यातली डॉक्टर भाचरं बरोबर उलटं विचारतात, ‘मावशी, तू अजून लोकांना बचनाग खायला घालतेस?’ आणि माझ्या बरोबरीचे वैद्य नुसतं हसून म्हणतात, ‘काय, शास्त्रावरचा विश्वास उडाला वाटतं?’ तिघांना तीन उत्तरं देऊन मी थकले आहे.

आधी भाचरांशी भांडते. विषारी वनस्पती औषधात वापरणं हा आमचाच गावंढळपणा आहे, असं तुम्हाला वाटतं ना? फवारणीच्या विषबाधेचा पेशंट आला की तुम्ही जे ॲट्रोपीन टोचता ते आमच्या बांधावरच्या धोत्र्यातही असतं. तुमची गाऊटची गोळी कोल्चिसीनची. ते कळलावीतून निघतं आणि त्यासाठी तामिळनाडूत कळलावीची शेती होते. तुमचं हृदयाचं औषध डिजॉक्सिन कुठल्या विषारी झाडातून आलं ते तुम्हीच मला सांगा. तेव्हा विष म्हटलं की नाक मुरडू नका.

आणि वैद्यमित्रहो, चरकाचा तो श्लोक मला ऐकवू नका. नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं, ही पहिली ओळ तुम्ही सगळे व्याख्यानाच्या सुरुवातीला म्हणता. दुसऱ्या ओळीत तो म्हणतो की चुकीचं योजलेलं औषध तीक्ष्ण विष होतं. ती ओळ येईपर्यंत बहुतेक वक्ते पाण्याचा घोट घेतात.

आण्णा बचनाग स्वतः शुद्ध करायचे. कंदाचे तुकडे गोमूत्रात तीन दिवस, रोज नवं गोमूत्र. परड्यात त्याचा जो वास सुटायचा त्यावरून आईची आणि त्यांची दरवेळी भांडणं. मग ते तुकडे फडक्यात बांधून, पुरचुंडी आडव्या काठीला टांगून, दुधात बुडती ठेवून प्रहरभर उकळायचे. दूध करडं व्हायचं. ते दूध मांजराच्या वाटेलाही जाऊ नये म्हणून आण्णा स्वतः खड्डा काढून पुरायचे आणि वर दगड ठेवायचे. तुकडे गरम पाण्याने धुऊन सावलीत वाळायचे. शेवटी एक कण जिभेच्या टोकाला लावून ते डोळे मिटून बसायचे. मुंग्या आल्या तर सगळा घाणा पुन्हा दुधात. (हे कुणीही घरी करून बघू नये. आण्णांनीही करायला नको होतं असं मला आता वाटतं.)

यात भाबडेपणा काही नाही. बचनागातलं मुख्य विष ॲकोनिटीन. ओलाव्यात, उष्णतेत त्याचा रेणू तुटत जातो, आधी बेंझॉइलॲकोनीन, मग ॲकोनीन, आणि दर पायरीला विषारीपणा कितीतरी पटींनी उतरतो. काही भाग गोमूत्रात आणि दुधात निघून जातो. प्रयोगशाळेत हे तपासून झालं आहे. म्हणजे आण्णांची पुरचुंडी रसायनशास्त्राला धरूनच होती. मी कॉलेजात असताना हा मुद्दा वादविवादात हटकून मांडायचे आणि टाळ्या घ्यायचे.

आता आबांची गोष्ट. त्यांचं नाव दुसरं आहे.

बाजाराचा दिवस होता. दुपारी त्यांचा मुलगा त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून, मागून एकाला धरायला लावून घेऊन आला. आबा नेहमीचे, गुडघ्यांचे पेशंट. ओठ चोळत होते. ‘तोंड माझं न्हाईच वाटतंय बघा,’ म्हणाले. जिभेला मुंग्या, मग हातापायांना, दोनदा उलटी, तोंडातून लाळ. नाडीवर बोटं ठेवली तर दोन ठोके पळत यायचे आणि तिसरा यायचाच नाही.

‘काय घेतलं होतं?’

‘काय न्हाई मॅडम, आयुर्वेदिकच हाय,’ मुलगा म्हणाला. ‘झाडपाल्याचं. त्याचा काय साइड इफेक्ट नसतो.’

खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. बाजारात पाल मारून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडून गुडघ्यासाठी घेतलेलं चूर्ण, मधातून चाटवलेलं, अर्ध्या-पाऊण तासापूर्वी. वर ‘अस्सल माल बघून घ्या’ म्हणत त्याने कंदाचा एक तुकडाही दिला होता. वरून सुरकुतलेला, टोकाकडे निमुळता, तपकिरी. पुस्तकात ज्याचं चित्र काढून मी मार्क मिळवले होते तो तुकडा माझ्या तळहातावर होता. गोमूत्राचा वास नाही की दुधाचा नाही. कच्चा.

आमच्या ग्रंथांत बचनागाचा उतारा म्हणून टंकण म्हणजे टाकणखार सांगितलं आहे, तूप सांगितलं आहे. टंकण माझ्या कपाटात होतं. आबांच्या बायकोने रस्त्यातून फोनवर ओरडून सांगितलं, ‘तूप पाजा त्यास्नी!’ मी काहीही पाजलं नाही. शेजारच्याची जीप मागवली, पुडी आणि तुकडा पिशवीत घातला आणि कराडला निघाले. उलट्या होत असलेल्या, जीभ बधिर झालेल्या माणसाच्या घशात तूप ओतायचं म्हणजे ते श्वासनलिकेत जायला किती वेळ? यावरून मला नंतर एका ज्येष्ठ वैद्यांनी भर सभेत सुनावलं. सुनावू दे. पुन्हा तशी वेळ आली तरी मी जीपच मागवीन.

मल्हारपेठेच्या आसपास आबा बोलायचे थांबले. शुद्ध होती, डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते. ॲकोनिटीनमध्ये माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि त्याला सगळं कळत असतं. हृदयाच्या नि मज्जातंतूंच्या पेशींत सोडियम आत घेणारी दारं क्षणभर उघडून लगेच मिटायला हवीत, हे विष त्यांना मिटूच देत नाही. त्यामुळे आधी मुंग्या, मग बधिरता, मग हृदयाची लय सुटते. हे सगळं मला पाठ होतं आणि जीपमध्ये त्याचा उपयोग शून्य होता.

आयसीयूतला डॉक्टर तरुण होता. ईसीजीच्या कागदावर ठोके आळीपाळीने एक वर, एक खाली असे उमटत होते. ‘हे डिजॉक्सिनमध्ये बघितलंय,’ तो म्हणाला. मी बचनाग म्हटलं, ॲकोनिटीन म्हटलं, पिशवी त्याच्या हातात दिली. या विषाला नेमका उतारा कुठल्याच पॅथीकडे नाही. लय सावरणारं औषध द्यायचं, रक्तदाब धरून ठेवायचा आणि विष शरीरातून जायची वाट बघायची. रात्रभर तेच चाललं. एकदा शॉकही द्यावा लागला.

पहाटे थोडं स्थिर झाल्यावर त्या डॉक्टरने मला चहा दिला आणि सरळ विचारलं. टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. ‘मॅडम, तुमच्या गोळ्यांतही हे असतं ना? किती असतं?’

‘त्रिभुवनकीर्तीत सात द्रव्यं समभाग,’ मी म्हटलं. ‘त्यातला एक भाग शुद्ध वत्सनाभ, म्हणजे बचनाग.’

‘वत्सनाभ नाही. ॲकोनिटीन किती?’

मला सांगता येईना. मला तर नाहीच, माझ्या कपाटातल्या बाटलीवरही ते छापलेलं नव्हतं.

आबा वाचले. वॉर्डात आणल्यावर म्हणाले, ‘गुडगा मातूर त्या दिशी लई हलका वाटला बगा.’ वाटणारच.

तेव्हापासून मी त्रिभुवनकीर्ती ठेवत नाही. आनंदभैरव नाही, मृत्युंजय नाही. संजीवनी वटीही नाही. तिच्यातही बचनाग आहे हे ती रोज चघळणाऱ्यांनाच माहीत नसतं.

आता माझ्यातली ती टाळ्या घेणारी मुलगी उठून उभी राहते. म्हणते, अगं, आबांनी खाल्ला तो कच्चा बचनाग. शुद्ध केलेला नव्हे, गोळी नव्हे, कुणा वैद्याने दिलेलाही नव्हे. चोराने सुरीने भोसकलं म्हणून तू विळी फेकून दिलीस? तिचा मुद्दा मला खोडता येत नाही. नीट बनवलेल्या गोळीने माझ्या एकाही पेशंटला काही झालेलं नाही. आण्णांच्याही नाही.

पण आण्णा कंद स्वतः निवडायचे. बचनाग सह्याद्रीत उगवत नाही, तो हिमालयातून येतो, आणि व्यापाऱ्याच्या पोत्यात एकाच नावाखाली निरनिराळ्या जाती येतात. कुठल्या जातीत विष किती, यात मोठा फरक. त्याचाच सौम्य भाऊ अतिविष आपण बाळगुटीत उगाळतो. जाड तुकडा आणि बारीक तुकडा एकाच पुरचुंडीत उकळले तर जाड तुकड्याचा गाभा कमी शिजतो, हे मी आण्णांच्या हाताखाली बघितलं आहे. बाजारातल्या बाटलीमागे ती पुरचुंडी कुणी बांधली, किती वेळ उकळली, हे मला दिसत नाही. डिजॉक्सिनच्या गोळीवर वजन छापलेलं असतं आणि पेशंटच्या रक्तात ते मोजता येतं. भाचरांनो, वर मी तुम्हाला जो डिजॉक्सिनचा टोला मारला तो इथे माझ्यावरच उलटतो, हे मला कळतं.

मग बिब्बा का देतेस? कुचला का देतेस? हेही विचारता तुम्ही. देते. बिब्बा उततो तेव्हा आधी खाज सुटते, कातडी लाल होते; थांबायला वेळ मिळतो. खोबरेल हाताशी ठेवते, उन्हात जाऊ नका म्हणून बजावते. पण अग्नितुंडी या पोटाच्या गोळीतल्या कुचल्याला हा युक्तिवाद लागू पडत नाही. कुचल्यातलं विष स्ट्रिक्नीन, ते खाज सुटायची वाट बघत नाही. आणि अग्नितुंडीत पुन्हा बचनागही आहेच. तरी एका जुन्या पेशंटला मी ती अजून देते, कारण तिच्याशिवाय त्याचं पोट चालत नाही आणि मला दुसरं काही सापडलेलं नाही. हे तर्काला धरून नाही. वैद्यमित्रांनी हे वाचून खुशाल हसावं.

ही सगळी द्रव्यं 1945 च्या औषध नियमावलीत ई-1 या विषारी यादीत आहेत. वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा वेष्टनावर छापावाच लागतो. तो छापतात, आणि मेडिकलवाला त्याच्यावरच पैसे मोजून गोळ्या हातात देतो. त्यामुळे मी ठेवली नाही म्हणून तुमचं काही अडणार नाही, चौकात मिळेल. घेणारच असाल तर वैद्याने सांगितल्याहून एक गोळीही जास्त नको. हृदयाचं दुखणं असेल तर मुळीच नको, आणि लहान मुलाला स्वतःच्या मनाने नकोच नको. बाजारातली सुटी पुडी तर कशासाठीच नको. ओठांना मुंग्या आल्या तर माझ्याकडे यायच्या भानगडीत पडू नका. थेट कराड गाठा, आणि उरलेली पुडी बरोबर घ्या.