हिउलँडाइटच्या फिरत्या चित्रफितीचे काम: अक्ष, चौकटी आणि जोडणी

नाशिक परिसरातील बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या झिओलाइट (आत सूक्ष्म बोगदे असलेल्या सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सांगाड्याच्या) खनिजांच्या अणुरचना फिरवून दाखवण्याच्या कामात या खेपेस हिउलँडाइट घेतले आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी ते निरखून पाहिले असेल, त्यांना त्याची मोत्यासारखी झळाळी आठवत असेल. ही झळाळी ज्या पृष्ठावर दिसते त्याच पृष्ठाला समांतर हा स्फटिक सहज दुभंगतो. त्याचे कारण रचनेत स्पष्ट दिसते, परंतु त्यासाठी प्रतिकृती योग्य अक्षाभोवती फिरवावी लागते.

जेमॉल या रेणू-स्फटिक दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत सीआयएफ फाइल (स्फटिकातील अणूंच्या जागांची नोंद) उघडून प्रतिकृती नुसती फिरत ठेवली, तर ती पडद्याच्या उभ्या रेषेभोवती फिरते आणि त्या रेषेचा स्फटिकाच्या ए, बी, सी या तीन अक्षांशी संबंध असेलच असे नाही. हिउलँडाइट एकनताक्ष आहे, म्हणजे त्याचा बी अक्ष उरलेल्या दोन्ही अक्षांना लंब असतो, तर ए आणि सी यांच्यात सुमारे 116 अंशांचा कोन असतो. म्हणून बी उभा ठेवून सुरुवात सी अक्षाच्या दिशेने पाहत केली. त्या दृश्यात दहा आणि आठ चतुष्फलकांच्या (सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमभोवती चार ऑक्सिजन असलेल्या घटकांच्या) कड्यांचे बोगदे आरपार दिसतात. पुढे प्रतिकृती फिरत जाते तसे ते मिटतात आणि फिरण्याच्या दिशेनुसार 64 किंवा 116 अंशांनंतर ए अक्षाच्या दिशेचे आठ चतुष्फलकांच्या कड्यांचे बोगदे उघडतात. बी उभा असल्यामुळे चतुष्फलकांचे दाट थर संपूर्ण फेरीभर आडवेच राहतात, आणि थराथरांमधले बंध विरळ असल्याने स्फटिक तेथेच का फुटतो, हे निराळे सांगावे लागत नाही. यथार्थदर्शन (दूरचे लहान दाखवण्याची सोय) मात्र बंद ठेवावे, नाहीतर समांतर बोगदे दूरवर एकवटल्यासारखे दिसतात आणि मधला तेवढा उघडा राहतो.

दर 2 अंशांना एक याप्रमाणे 180 चित्रे काढली असून शेवटचे 358 अंशांचे आहे, कारण 360 चे चित्र पहिल्याचीच पुनरावृत्ती ठरून फेरीच्या सांध्यावर अडखळ येते. ही चित्रे, म्हणजे चित्रफितीच्या चौकटी, एफएफएमपेग या चित्रफीत बनवणाऱ्या प्रणालीने जोडली. चित्रफीत नुसती पाहायची असेल तर नेहमीची जोडणी पुरते. पण पाहणाऱ्याने बोटाने पुढेमागे सरकवून स्वतः प्रतिकृती फिरवावी अशी इच्छा असेल, तर प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण, म्हणजे की-फ्रेम, ठेवावी लागते. एरवी बहुतेक चौकटींत शेजारच्या चौकटींपासूनचा फरकच साठवलेला असतो, त्यामुळे उलट सरकवताना संगणकाला मागची की-फ्रेम गाठून तेथून पुन्हा उलगडत यावे लागते आणि हालचाल धक्के खाते. फाइलचा आकार यामुळे बराच वाढतो; माझ्या मते तो सोसावा.

सध्या फक्त सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा सांगाडा दाखवला आहे. बोगद्यांतील कॅल्शियम, सोडियम आणि पाणी यांच्या जागा फाइलमध्ये अंशतः भरलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक जागी दर वेळी अणू असतोच असे नाही, म्हणून सगळे अणू एकदम दाखवले की ते अशक्य वाटावे इतके जवळ येतात. त्या जागा भरण्याच्या प्रमाणानुसार फिकट किंवा गडद दाखवणे हे पुढचे काम आहे, आणि त्यानंतर स्टिल्बाइट हे दुसरे झिओलाइट.