ओरॅकलची डेट पोस्टग्रेसमध्ये नेताना

ओरॅकल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस. ओरॅकलच्या 'डेट' या कॉलमच्या प्रकारात वेळही असते, थेट सेकंदापर्यंत. पोस्टग्रेसच्या 'डेट'मध्ये फक्त दिवस. नाव सारखं दिसतं म्हणून कॉलम जसाच्या तसा मॅप केला की वेळ गुपचूप गळून पडते, एररही येत नाही. खातं आणि तारीख मिळून युनिक की (दोन ओळींत सारखी चालत नाही अशी जोडी) असेल तर मात्र एकाच दिवसाच्या दोन नोंदी आदळतात, तेव्हा कळतं. म्हणून आधी ओरॅकलमध्येच मोजा: ट्रंक केलेली, म्हणजे वेळ कापून टाकलेली, तारीख मूळ तारखेहून वेगळी असलेल्या ओळी किती? शून्य आल्या तर 'डेट' चालेल. एक जरी सापडली तरी 'टाइमस्टॅम्प(०)' घ्या, त्यात तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ दोन्ही राहतात.

जन्मतारखेचा घोळ याहून चिवट. समजा ओरॅकलमध्ये १५-०८-१९८८, ००:०० आहे. भारतीय वेळेवरच्या मशीनवर जावा कोडने ती जुन्या 'डेट' क्लासमध्ये वाचली आणि जेसनमध्ये (डेटा साठवायची मजकूर फाइल) यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) म्हणून लिहिली, तर फाइलमध्ये १४ ऑगस्ट, १८:३० जातं. ती फाइल पोस्टग्रेसमध्ये लोड करणारा प्रोग्राम ज्या कंटेनरमध्ये चालतो तो यूटीसीवर असतो. तो इमानेइतबारे १४ तारीख टाकतो. माणूस एका दिवसाने मोठा! उपाय: टाइम झोन नसलेली तारीख झोनमधून फिरवायचीच नाही. ड्रायव्हरकडून (जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग) थेट 'लोकल-डेट-टाइम', म्हणजे झोन नसलेली तारीख-वेळ, मागा. बदल नेमका कधी झाला हे सांगणारे कॉलम मात्र झोन जाणणाऱ्या 'टाइमस्टॅम्प-टीझेड'मध्येच न्या, आणि मूळ वेळ 'एशिया/कोलकाता'ची आहे हे एकदाच सांगा. एकदाच, कारण पोस्टग्रेसचं 'ॲट टाइम झोन' झोन नसलेल्या वेळेला झोन लावतं आणि झोन असलेल्या वेळेचा काढून टाकतं. दोनदा लिहिलंत तर पुन्हा होतात तिथेच.

मग जुन्या डेटातलं भूत. कुणीतरी चार अंकी वर्षाच्या फॉरमॅटने '१५-०८-८८' भरलेलं असतं. ओरॅकल ते निमूटपणे सन ००८८ म्हणून ठेवतो. स्क्रीनवर वर्षाचे दोनच अंक दिसत असल्याने वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पोस्टग्रेसलाही सन ८८ चालतं, तोही हरकत घेत नाही. प्रत्येक तारखेच्या कॉलमची किमान आणि कमाल किंमत काढली की हे लगेच उघडं पडतं.

मायएसक्यूएलहून येत असाल तर '००००-००-००' पोस्टग्रेस घेत नाही. तिथे नल (किंमत नाही अशी खूण) टाका. १९७०ची १ जानेवारी टाकू नका, पुढच्या माणसाला ती खरी वाटते. आणि एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या 'डेटटाइम'कडे जात असाल तर २३:५९:५९.९९९ हे राउंड होऊन दुसऱ्या दिवसाचं ००:०० होतं. तिथे दिवसाचा शेवट .९९७. 'डेटटाइम२'ला ही अडचण नाही.

लोड झाल्यावर नुसत्या ओळी मोजून भागत नाही, महिनावार मोजणी दोन्हीकडे लावून बघा. तिला महिन्याच्या टोकाला सरकलेल्या तारखाच सापडतात, म्हणून जन्मतारखेच्या कॉलमची दिवसवार मोजणीही करा. तो कॉलम चुकून 'टाइमस्टॅम्प' झाला असेल तर बरोबर १८:३० वाजताच्या ओळी शोधा. भरमसाट निघाल्या तर झोनने घात केलाय.