तांब्याच्या पत्र्यावर गोया : माझा अनुभव

स्पेनचा चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने १८१० ते १८२० या काळात युद्धातल्या हालांवर ८२ एचिंग (पत्र्यावरच्या थरात सुईने कोरून, ॲसिडने रेघा खोल करून, त्यांत शाई भरून काढलेली छापचित्रं) केली. त्यातल्या ४४ व्या चित्राची नक्कल करून हे तंत्र शिकायचं मी ठरवलं. माणसं जीव घेऊन पळताहेत. पुढे एक आई, एका हातात तान्हं, दुसऱ्या हाताने थोरल्याला ओढतेय. शेजारी धर्मगुरू पैशांची पिशवी घेऊन निघालाय. शत्रू मात्र चित्रात कुठेच नाही. खाली गोयाचे शब्द : ‘मी हे पाहिलं.’

तांब्याचा पत्रा बेळगावात उद्यमबागेत मिळाला. कडा कानशीने उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर छापताना कागद फाटतो. मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर गरम पत्र्यावर दिला आणि सुईने कोरायला बसलो. छाप उलटा येतो, म्हणून मूळ चित्र आरशात बघूनच कोरायचं. ॲसिडऐवजी फेरिक क्लोराइड घेतलं. सर्किट बोर्डवाले वापरतात तेच. त्यात पत्रा पालथा ठेवायचा, म्हणजे गाळ रेघेत न बसता खाली पडतो.

खरी परीक्षा पुढे होती. पत्रा द्रावणात जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल आणि काळी. मागची गर्दी फिकट हवी, म्हणून थोड्याच वेळात पत्रा बाहेर काढून त्या रेघा वॉर्निशने बंद केल्या. आई मात्र पुन्हा पुन्हा द्रावणात. तिच्या हातावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. मनगट जरा सैल पडलं की ती पोराला फिरायला नेतेय असं वाटायचं.

लेथवर रूळ फिरवून घेतलेल्या एका मित्राच्या प्रेसवर ओल्या कागदावर छाप काढला. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, १९७१ साली पूर्वेच्या सरहद्दीवर होते. त्यांनी छाप उजेडात धरला. “पोरगं ओढूलालीय बघ. आम्ही रस्त्यानं जाताना अशाच बायका समोरनं यायच्या,” एवढंच बोलले आणि किती तरी वेळ कागद सोडला नाही.

गोयाच्या हयातीत ही मालिका प्रसिद्धच झाली नाही. तो १८२८ मध्ये गेला, ती छापून आली १८६३ मध्ये. माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळाचीही चित्रं तिच्यात आहेत. मेलेल्या आईला माणसं उचलून नेताहेत आणि मागून लहान मुलगी रडत चाललीय, ते ५० वं मी आता घेतलंय. त्यातल्या काळोखासाठी राळेची पूड पत्र्यावर एकसारखी बसवायला शिकतोय.